आधी गुन्हा नंबर विचारा



या सदरातून आपण आजपर्यंत जातीचा दाखला, रेशनकार्ड, भविष्य निर्वाह निधी अशा कामाच्या कागदांविषयी बोललो. आजचा कागद वेगळा आहे. तो कोणाच्याही घरी येऊ नये. पण रात्रपाळी करणारी, सायकलने वा दुचाकीने कामावर जाणारी, भल्या पहाटे रस्ता झाडणारी माणसे आपल्याच घरांतली आहेत. वाळूजच्या कारखान्यातून दुसरी पाळी सुटते, चिकलठाण्याचे कामगार जालना रोडला लागतात, बीड बायपासवर बांधकामावरच्या बाया रस्ता ओलांडतात. अशा वेळी एखादी गाडी अंगावर येते आणि दुसऱ्या दिवशी वस्तीत बोलले जाते, "ड्रायव्हर पिऊन होता म्हणे."

त्यानंतर सारे 'म्हणे'वरच चालते. केस झाली म्हणे. सुटला म्हणे. पैसे चारून मिटवले म्हणे. वर्ष जाते, दोन वर्षे जातात. ज्या माउलीचा धनी गेला तिला विचारावे की, ताई, केसचे पुढे काय झाले, तर तिच्याजवळ उत्तर नसते. तिच्याजवळ असते ती एक पिशवी. तिच्यात मृत्यूचा दाखला, दवाखान्याच्या चिठ्ठ्या आणि वर्तमानपत्राचे एक पिवळे पडलेले कात्रण. पण ज्या एका नंबरावर सगळे पुढचे काम उभे राहते, तो नंबर त्या पिशवीत नसतो.

वाचकहो, 'म्हणे'ला कोर्टात किंमत नाही. किंमत आहे ती नोंदीला. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यावर काय कारवाई झाली याची नोंद पोलीस ठाण्यात होते, दवाखान्यात होते, प्रयोगशाळेत होते आणि कोर्टात होते. यातील बरीच नोंद आपल्याला पाहता येते, मागता येते. मी कारकून माणूस. आवक-जावक रजिस्टरात आयुष्य गेले. एवढे नक्की सांगतो की, ज्या कागदाला नंबर पडला तो कागद सहजासहजी नाहीसा होत नाही, आणि झालाच तर त्याचा जाब विचारता येतो. ज्याला नंबरच नाही, त्याचा जाब कोणाला विचारणार?

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे. त्याचे कलम १८५ दारू पिऊन गाडी चालवण्याविषयी आहे. चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क सापडला तर तो गुन्हा. पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी पहिल्या वेळचा दंड २ हजारांपर्यंतच होता.

आता महत्त्वाची गोष्ट. सिग्नल तोडला, हेल्मेट नसले, तर रस्त्यावरच पावती फाडून मोकळे होता येते. कलम १८५ चे तसे नाही. त्यात जागेवर तडजोड नाही, प्रकरण कोर्टातच जावे लागते. म्हणून "तिथल्या तिथे दंड भरून सोडला" असे कोणी सांगितले तर विचारावे, कोणत्या कोर्टात, आणि केस नंबर काय?

अपघातात माणूस दगावला तर याशिवाय दुसरी कलमे लागतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. निष्काळजीपणाने मृत्यू घडवणे हे पूर्वीचे कलम ३०४-अ, शिक्षा २ वर्षांपर्यंत. आता ते कलम १०६(१) झाले आणि शिक्षा ५ वर्षांपर्यंत झाली. सदोष मनुष्यवध हे पूर्वीचे ३०४, आताचे १०५. त्याची शिक्षा यापेक्षा पुष्कळ मोठी. चालकाला कोणते कलम लागले, हे कळले की अर्धी केस कळली.

रक्त आणि घड्याळ

दारूचा पुरावा हा फिर्यादीच्या जबाबापेक्षाही रक्तात असतो, आणि रक्तातली दारू थांबून राहत नाही. साधारणपणे तासाला १० ते २० मिलिग्रॅम या गतीने ती उतरते. धडक बसली त्या वेळी एखाद्याच्या रक्तात ६० मिलिग्रॅम होती असे धरा. तीन-चार तास टोलवाटोलवीत गेले की तोच माणूस कागदावर शुद्ध होऊन बसतो. म्हणूनच कायद्याने सांगितले आहे की, कलम १८५ खाली अटक केलेल्याची डॉक्टरी तपासणी अटकेपासून २ तासांच्या आत झाली पाहिजे, नाहीतर त्याला सोडून द्यावे लागते.

तेव्हा तीन वेळा आपण तपासून पाहायच्या. अपघात किती वाजता झाला, ही वेळ एफआयआरमध्ये असते. रक्त किती वाजता काढले, ही वेळ दवाखान्याच्या कागदात असते. सीलबंद नमुना प्रयोगशाळेत कोणत्या तारखेला पोचला, हे प्रयोगशाळेच्या अहवालात असते. त्यालाच कोर्टकचेरीत 'सी. ए. रिपोर्ट' म्हणतात. आपल्या शहरात घाटी दवाखाना आहे आणि प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळाही आहे. नमुन्याला देशभर फिरावे लागत नाही. या तीन वेळांमध्ये मोठी फट दिसली तर ती फट का पडली, हा प्रश्न वकिलामार्फत कोर्टापुढे मांडता येतो.

तीन खटल्यांतून शिकण्यासारखे

आपल्या शहरातील ज्या प्रकरणांचे निकाल लागायचे आहेत त्यांची नावे येथे घेणे बरे नव्हे. पण महाराष्ट्रात गाजलेले तीन खटले पाहिले म्हणजे नोंदीचे मोल ध्यानात येते.

१२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर रस्त्याचे काम करणारे मजूर फुटपाथवर झोपले होते. अ‍ॅलिस्टर परेरा नावाच्या तरुणाची मोटार त्यांच्या अंगावर गेली. ७ मजूर मेले, ८ जखमी झाले. खालच्या कोर्टाने ६ महिन्यांची शिक्षा दिली. २००७ मध्येच मुंबई उच्च न्यायालयाने ती ३ वर्षे सक्तमजुरीची केली, आणि १२ जानेवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्या निकालात रक्ततपासणीचा आकडा आहे, ०.११२ टक्के. म्हणजे १०० मिलिलिटरला ११२ मिलिग्रॅम, मर्यादेच्या जवळजवळ पावणेचार पट. मेलेले सारे गरीब मजूर होते, त्यांच्यामागे मोठा माणूस नव्हता. पण त्यांच्यामागे तो कागद होता.

दुसरा खटला सिनेनट सलमान खान यांचा. २८ सप्टेंबर २००२ रोजी वांद्र्यातच फुटपाथवर झोपलेला एक कामगार मेला, चौघे जखमी झाले. २०१४ मध्ये त्या खटल्याचे मूळ जबाबाचे कागदच पोलिसांना सापडेनात, कोर्टाने विचारणा केल्यावर ते सापडले. ६ मे २०१५ ला सत्र न्यायालयाने ५ वर्षांची शिक्षा दिली. १० डिसेंबर २०१५ ला उच्च न्यायालयाने आरोप शंकेपलीकडे सिद्ध झाला नाही म्हणून निर्दोष सोडले. रक्ताचा नमुना कसा घेतला आणि कसा सांभाळला, यावरही त्या निकालात बोट ठेवले आहे. हे निर्दोषत्व आपण मानलेच पाहिजे. पण १३ वर्षांनंतर एका नमुन्याच्या बाटलीचा हिशेब कोर्टात मागितला जातो, हा धडाही घेतला पाहिजे.

तिसरे प्रकरण पुण्याचे. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरात एका अल्पवयीन मुलाच्या महागड्या गाडीने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. पोलिसांचे म्हणणे असे की, ससून रुग्णालयात मुलाचे रक्त बदलून दुसऱ्याचे ठेवण्यात आले. ते उघडकीला कसे आले? औंधच्या सरकारी रुग्णालयात घेतलेल्या दुसऱ्या नमुन्याशी डीएनए जुळला नाही म्हणून. एका खोट्या नोंदीला दुसऱ्या खऱ्या नोंदीने पकडले. याच प्रकरणी आणखी एक समजून घ्या. आरोपी अल्पवयीन असेल तर त्याची नावनिशी कायद्याने उघड करता येत नाही. तेथे आपण आग्रह धरू नये.

पहिली पायरी : पोलीस ठाणे

आता आपल्या कामाकडे वळू. घटना कोणत्या ठाण्याच्या हद्दीत घडली, हे आधी पाहा. क्रांती चौक, मुकुंदवाडी, जिन्सी, उस्मानपुरा, छावणी ही ठाणी शहर पोलीस आयुक्तांकडे येतात. करमाड, पैठण, वैजापूर इकडचे प्रकरण ग्रामीण पोलीस अधीक्षकांकडे. ठाण्यात तीनच गोष्टी विचारा. गुन्हा रजिस्टर नंबर काय, कलमे कोणती, तपास कोणाकडे आहे. फिर्यादीला आणि पीडिताला एफआयआरची प्रत फुकट मिळते, तो हक्क आहे. अनेकदा फक्त 'अकस्मात मृत्यू' अशी नोंद झालेली असते. तसे असेल तर गुन्हा दाखल झाला की नाही, हे स्पष्ट विचारा.

ठाण्यात जायची भीती वाटत असेल तर दुसरा मार्ग आहे. ७ सप्टेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की, नाजूक प्रकरणे सोडून बाकीचे एफआयआर पोलिसांनी २४ तासांत संकेतस्थळावर टाकावेत. फार अडचण असेल तर ७२ तासांपर्यंत. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर 'प्रसिद्ध एफआयआर' असा भाग आहे. जिल्हा, ठाणे आणि तारीख टाकली की एफआयआर पाहता येतो. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या पोराला किंवा पोरीला हे पाच मिनिटांचे काम आहे.

तपासाचे काय झाले, हे विचारण्याचाही हक्क आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे पोलिसांनी ९० दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला तपासाची प्रगती कळवायची आहे. नाही कळवली तर साध्या कागदावर अर्ज लिहा, ठाण्यात द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घ्या. पोच न घेता दिलेला अर्ज म्हणजे विहिरीत टाकलेला दगड.

दुसरी पायरी : कोर्ट

गुन्हा नंबर हाती आला की कोर्टातली केस शोधता येते. 'ई-कोर्ट्स' नावाची सरकारी सेवा आहे, मोबाइलवरही चालते. तिच्यात ठाणे, गुन्हा नंबर आणि साल टाकून केस निघते. पक्षकाराच्या नावानेही निघते, पण एकाच नावाची दहा माणसे निघतात. म्हणून नंबरच बरा. नुसती दारू पिऊन गाडी चालवल्याची केस बहुधा 'एस. सी. सी.' म्हणजे संक्षिप्त फौजदारी खटल्यात सापडते. अपघाताचे दोषारोपपत्र 'आर. सी. सी.' म्हणजे नियमित फौजदारी खटल्यात सापडते. सदोष मनुष्यवधाचे प्रकरण सत्र न्यायालयात जाते. तेथे पुढची तारीख, मागच्या तारखेला काय झाले, आणि निकाल लागला असेल तर निकाल दिसतो. प्रत्येक केसला १६ अक्षर-अंकांचा एक सी. एन. आर. नंबर असतो. तो एकदा वहीत उतरवून ठेवला की पुन्हा शोधाशोध नको.

एक ध्यानात ठेवा. शहराचे नाव २०२३ मध्ये बदलले. त्याआधीचे सारे कागद 'औरंगाबाद' या नावाने आहेत. एका नावाने सापडले नाही तर दुसऱ्या नावाने पाहा. मोबाइल जमत नसेल तर न्यायालयांत ई-सेवा केंद्रे आहेत, अदालत रोडच्या जिल्हा न्यायालयात जाऊन चौकशी करा. आणि खटला खुल्या कोर्टात चालतो. मागच्या बाकावर शांत बसून ऐकायला कोणाची परवानगी लागत नाही.

कोर्टाच्या कागदाची नक्कल हवी असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज तेथे चालत नाही. कोर्टाच्या नक्कल विभागातच अर्ज करावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० ला ठरवले आहे. पक्षकार असाल तर सोपे. तिऱ्हाईत असाल तर कारण लिहून कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. पीडिताचा वकील लागलेला असेल तर दोषारोपपत्राच्या प्रती पीडितालाही विनामूल्य मिळण्याची तरतूद नव्या कायद्यात आहे.

तिसरी पायरी : भरपाई

फौजदारी केस सरकार चालवते. भरपाई मात्र आपल्याला मागावी लागते, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात. १ एप्रिल २०२२ पासून नियम असा आहे की, पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल. १५ डिसेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे काटेकोर पाळा म्हणून बजावले आहे. या अहवालांच्या प्रती मागून घ्या. गाडीचा विमा, लायसन्स, पंचनामा हे सारे तेथे एका जागी मिळते.

दाव्यासाठी कायद्यात अपघातापासून ६ महिन्यांची मुदत घातली आहे. ती टळली असेल तरी वकिलाला विचारल्याशिवाय नाद सोडू नका. "ड्रायव्हर प्यायलेला होता, म्हणून विमा कंपनी काही देणार नाही" असे सांगून कोणी परत पाठवले तरी ऐकू नका. कंपनीने आधी पीडिताला द्यावे आणि मग गाडीमालकाकडून वसूल करावे, असे आदेश कोर्टांनी दिलेले आहेत. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपयांची सरकारी योजना आहे. त्याचा अर्ज महसूल खात्याकडे, तहसीलदार वा उपविभागीय अधिकाऱ्यांकडे करायचा.

वकिलाला पैसे कुठून आणायचे? जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे अनुसूचित जातीच्या व्यक्तीला, स्त्रीला आणि औद्योगिक कामगाराला तेथे मोफत वकील मिळतो. आपले अनुसूचित जातींतून आलेले बौद्ध बांधव १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या यादीत आहेत, म्हणून जातीचा दाखला सोबत न्या. १५१०० हा त्यांचा मदतीचा फोन आहे.

चौथी पायरी : वस्तीने करायचे काम

ही झाली एकेका घराची गोष्ट. पण एखाद्या चौकात बिअरबारमधून निघालेल्या गाड्या रोज रात्री आपल्या माणसांच्या जिवावर उठत असतील, तर ते काम साऱ्या वस्तीचे आहे. त्यासाठी माहितीचा अधिकार आहे. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द हा नियम आहे. १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावायचे. दारिद्र्यरेषेखालील माणसाला तेही माफ. अर्ज पोलीस आयुक्त कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्यांच्या नावे. मजकूर असा ठेवा :

"मोटार वाहन कायदा कलम १८५ खाली गेल्या ३ वर्षांत शहरातील प्रत्येक ठाण्याच्या हद्दीत वर्षनिहाय किती केसेस झाल्या? किती कोर्टात पाठवल्या? किती प्रकरणांत शिक्षा वा दंड झाला? किती चालकांचे लायसन्स निलंबित करण्याचे प्रस्ताव प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे पाठवले?"

पाहा, यात कोणाचे नाव मागितलेले नाही. नावे मागितली की खासगी माहिती म्हणून नकार येतो, तपास चालू आहे म्हणून नकार येतो. आकड्याला तसा नकार देता येत नाही. असाच अर्ज परिवहन कार्यालयाला करा आणि किती लायसन्स प्रत्यक्षात निलंबित झाली ते विचारा. दोन कार्यालयांचे आकडे शेजारी ठेवले की बरेच कळते. ३० दिवसांत उत्तर आले नाही तर पहिले अपील, तेथेही न्याय नाही मिळाला तर राज्य माहिती आयोग. आयोगाचे खंडपीठ आपल्याच शहरात आहे. हे आकडे हातात घेऊन आयुक्तांकडे गेलात आणि अमुक चौकात शनिवारी रात्री नाकाबंदी लावा म्हणालात, तर ते गाऱ्हाणे राहत नाही. ती मागणी होते.

आपल्या घरातले

एक कटू गोष्ट बोलल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. प्यालेला चालक नेहमी दुसऱ्याच्याच घरातला असतो असे नाही. रिक्षा, टेम्पो, छोटा हत्ती चालवणारी आपलीही मुले आहेत. पंचशीलातले पाचवे शील आपण विहारात हात जोडून म्हणतो. काही हात बाहेर पडताच बाटलीकडे वळतात, हे आपल्याला ठाऊक आहे. १० हजारांच्या दंडात घरभाडे, किराणा आणि मुलांची फी बुडते. लायसन्स गेले की रोजी गेली. आणि कोर्टातली नोंद उद्या नोकरीच्या वेळी पोलीस पडताळणीत समोर येऊ शकते. जी नोंद श्रीमंताच्या पोराला लागू व्हावी असे आपण म्हणतो, ती आपल्या पोरालाही लागू होते. नोंद जात पाहत नाही, पगार पाहत नाही. म्हणून तर तिच्यावर भरवसा ठेवायचा.

बाबासाहेबांनी आपल्याला कायद्याचे पुस्तक दिले. ते कपाटात पुजून ठेवण्यासाठी दिलेले नाही. तेव्हा या आठवड्यात एवढे करा. आपल्या वस्तीत, नात्यात, कारखान्यात ज्या घरचे माणूस अशा अपघातात गेले असेल त्या घरी जा. ती पिशवी उघडायला सांगा. गुन्हा नंबर नसेल तर ठाण्यात त्यांच्यासोबत जा, तो वहीत लिहून द्या, आणि ई-कोर्टवर केस काढून पुढची तारीख त्याखाली लिहा. त्या तारखेला त्या ताईसोबत कोर्टात आपल्यापैकी कोणीतरी बसलेले असावे.